लव्हाळ्याच्या चिठ्ठ्या

लव्हाळा मराठी माणसाच्या ओळखीचा होतो तो दोन वाटांनी. एक वाट तुकोबांची. महापुरात मोठी झाडे वाहून जातात आणि वाकणारे लव्हाळे मागे उरते, हा दाखला ज्याच्या कानावरून गेला नाही असा मराठी वाचक विरळा. दुसरी वाट शेतकऱ्याची. त्याच्या लेखी लव्हाळा म्हणजे न मरणारे तण. वरचा पाला उपटला तरी जमिनीतली गाठ शाबूत राहते आणि थोड्याच दिवसांत नवा कोंब डोके वर काढतो. इतक्या ओळखीची ही वनस्पती हातात घेऊन निरखली आहे काय, असे विचारले तर मात्र आपल्यापैकी बहुतेकांना नकारार्थी मान हलवावी लागेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही त्यांतच मोडत होतो.

निरखण्याचा योग आला तो एका वनस्पतिसंग्रहामुळे. आमचा पिंड वाङ्मयाचा. उमेदीची वर्षे मराठी शिकवण्यात आणि जुनी हस्तलिखिते चाळण्यात गेली. आमचे एक स्नेही वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातील एका जुन्या संग्रहातील लव्हाळ्याच्या कुळाचे सर्व नमुने संगणकावर चढवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्यांचा निरोप आला तो असा : "वनस्पती आम्ही ओळखू, अक्षर तुम्ही ओळखा." लेबलांवरील हस्ताक्षर वाचण्यासाठी त्यांना माणूस हवा होता. आम्ही गेलो, आणि आठवड्यातून तीन दिवस असे करत बराच काळ जात राहिलो.

वनस्पतिसंग्रह म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे. रानातून आणलेली वनस्पती वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यावर विषारी द्रावणाचा संस्कार करायचा, मग जाड कागदावर डिंकाने व दोऱ्याने ती पक्की बसवायची आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावायचे. लेबलावर नाव, स्थळ, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी या अध्यापकाने ही रीत रुळवली असे मानतात आणि तिच्यात मूलभूत असा फरक अद्याप पडलेला नाही. आपल्याकडील कागद साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असतो. कपाटांची मांडणी बहुतेक ठिकाणी बेंथम आणि हूकर या एकोणिसाव्या शतकातील जोडीने घालून दिलेल्या क्रमाने असते. त्या क्रमात लव्हाळ्याचे कूळ, म्हणजे सायपेरेसी, शेवटून दुसरे येते आणि अखेरीस गवते. त्यामुळे लव्हाळ्याचे कपाट शोधायचे तर खोलीच्या टोकापर्यंत चालत जावे लागते. डांबरगोळ्यांचा वासही तेथेच सर्वांत दाट असतो.

या कुळाला देखणेपण नाही. परागीकरण बहुतांशी वाऱ्याच्या हवाली केल्यामुळे रंगीत पाकळ्यांची गरज उरलेली नाही. पाहणाऱ्याला सारे गवतच वाटते. पण दांडा बोटांत फिरवून पाहिला की बहुधा तीन कडा लागतात आणि तो आतून पोकळ नाही हेही कळते. जगभरात या कुळाच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. काष्ठौषधींच्या दुकानातला मोथा आणि नागरमोथा याच कुळातले. इजिप्तमधील ज्या पपायरसच्या पट्ट्यांवर माणसाने हजारो वर्षे लिहिले, तोही याच घराण्यातला. लव्हाळे कागदावर चिकटवताना हे आठवले की जरा गंमत वाटते.

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक हे मुळात अभियंते. त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील अभ्यासक आजही त्याच्यापासूनच सुरुवात करतात. पण त्या ग्रंथाची वेस इलाख्याची वेस होती. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो त्या ग्रंथात नाही. पुढे मद्रास इलाख्याचा ग्रंथ झाला, त्यातही तो असण्याचे कारण नव्हते. नद्या त्याच, माळ तेच, लव्हाळेही तेच. राज्याची रेघ मध्ये आली आणि एवढा मुलूख दोन्ही पुस्तकांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये या शहरात विद्यापीठ स्थापन झाले. ती कोरी जागा भरून काढण्याचे मोठे काम याच विद्यापीठातील प्राध्यापक वसंत नाईक यांच्या हातून झाले. त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये आला आणि मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ मध्ये. लव्हाळ्यांपुरते बोलायचे तर याच शहरातील अध्यापक वदूद खान यांनी या कुळाला आयुष्य वाहिले. पश्चिम घाट, किनारपट्टी आणि महाराष्ट्र येथील सायपेरेसींवर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि कोल्हापूरच्या अभ्यासकांनी शोधलेल्या एका नव्या लव्हाळ्याला 'वदूदी' हे त्यांच्या नावावरून घडवलेले नाव मिळाले आहे.

अशा ग्रंथांतील प्रत्येक विधानामागे कुठल्या तरी कपाटातला कुठला तरी कागद उभा असतो. अमुक जाती अमुक तालुक्यात आढळते, हे वाक्य खरे की खोटे ते पडताळण्यासाठी शेवटी त्या कागदाकडेच जावे लागते. ज्या प्रदेशाची नोंद मुळात उशिरा सुरू झाली त्याच्याजवळ असे कागदही उशिराचे आणि मोजके. म्हणून त्यातला एकेक जपण्यासारखा.

आता प्रत्यक्ष काम. कागद उलटा करता येत नाही, कारण वाळलेले तुरे झडतात. तेव्हा कागद उताणाच ठेवून वरून प्रतिमा घ्यावी लागते. शेजारी मोजपट्टी, रंगांची पट्टी आणि पट्टेदार सांकेतिक क्रमांक. प्रतिमेची सर्वमान्य घनता इंचाला ६०० ठिपके. या मापाने एका कागदाचे साडेसहा कोटी ठिपके होतात आणि मूळ प्रतिमा २०० एमबीच्या घरात जाते. पडद्यावर ती मोठी करत गेलो की दोऱ्याचा टाका दिसतो, डिंकाचा पिवळा डाग दिसतो, कुणाच्या तरी पेनातून ठिबकलेली शाईही दिसते. पण जे पाहायचे ते दिसेलच असे नाही. लव्हाळ्यांच्या अनेक जाती एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या तर त्यांचे इवलेसे टणक फळ भिंगाखाली धरून त्याच्या सालीवरची नक्षी पाहावी लागते. फळ असते मिलिमीटरभराचे, आणि ६०० च्या घनतेत एक मिलिमीटर म्हणजे तेवीस-चोवीस ठिपके. तेवढ्या ठिपक्यांत नक्षी मावत नाही. शिवाय गळून पडलेली फळे कागदावरच चिकटवलेल्या लहानशा पाकिटात ठेवलेली असतात आणि प्रतिमेत ते पाकीट बंदच राहते. त्यामुळे प्रतिमा झाली, आता कागद अडगळीत टाकायला हरकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा भिंगातून पाहावे.

मग हा खटाटोप कशासाठी? १ मार्च १९४३ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा विख्यात वनस्पतिसंग्रह बव्हंशी जळाला. ज्या नमुन्यांवरून कित्येक जातींची नावे ठरली होती ते मूळ कागदच नष्ट झाले. मात्र मॅकब्राइड नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने १९२९ पासून युरोपातील संग्रहांत हिंडून अशा नमुन्यांची हजारो छायाचित्रे घेऊन ठेवली होती. आज काही वनस्पतींच्या बाबतीत पुरावा म्हणून ते काळे-पांढरे छायाचित्रच हाती आहे. आपल्याकडे बॉम्बची आवश्यकता नाही. गळके छप्पर आणि कसर पुरते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा आंतरजालावर सर्वांना खुल्या केल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची लहान कपाटे ज्याची त्यालाच पाहावी लागणार.

प्रतिमेपर्यंतचे काम यंत्राचे. आमचा संबंध होता तो त्यानंतरच्या टप्प्याशी, म्हणजे लेबलातील मजकूर विदागारात उतरवण्याशी. येथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

वनस्पतींची शास्त्रीय नावे बदलत असतात. आपल्याकडच्या उथळ तळ्यांत उगवणारे एक लव्हाळे घ्या. लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'स्किर्पस आर्टिक्युलेटस' म्हटले. १८८८ मध्ये ते 'शीनोप्लेक्टस' झाले. २००३ मध्ये 'शीनोप्लेक्टिएला'. किलिंगा, पायक्रियस, मॅरिस्कस हे एके काळी स्वतंत्र मानलेले वंश अलीकडे जनुकीय पुराव्याच्या आधारे सायपेरसमध्ये सामावून घेतले गेले आहेत, आणि ते साऱ्यांनाच पटले आहे असेही नाही. आता जुन्या कागदावर जुने नाव असेल तर अभ्यासक काय करतो? तो जुने लेबल फाडत नाही, खोडत नाही, त्यावर पांढरा रंगही फासत नाही. तो एक लहानशी चिठ्ठी घेतो, तीवर नवे नाव, स्वतःचे नाव आणि तारीख लिहितो आणि ती जुन्या लेबलाशेजारी चिकटवतो. वीस वर्षांनी आणखी कोणी येतो आणि तिसरी चिठ्ठी चिकटवतो. काही कागदांवर अशा तीन-चार चिठ्ठ्या एकीखाली एक लागलेल्या आम्ही पाहिल्या. कोणी काय म्हटले आणि केव्हा म्हटले, हे सारे एका दृष्टिक्षेपात वाचता येते. आधीच्या माणसाचे मत चुकीचे ठरले तरी त्याची सही जागेवर असते. मतभेदाची एवढी सभ्य रीत आम्हाला वाङ्मयाच्या प्रांतातही फारशी आढळलेली नाही.

नावाच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले हे शास्त्र स्थळाच्या बाबतीत मात्र संगणकावर येताच डगमगते, असे आम्हाला दिसले. नोंदीचा तक्ता ज्यांनी तयार केला होता त्यांनी जिल्ह्याच्या रकान्यात आजच्या जिल्ह्यांची यादी घालून ठेवली होती. यादीतून एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नसे. नोंदी करणारी मुलगी चुणचुणीत, मूळची भोकरदनकडची. एके दिवशी ती म्हणाली, "काका, भोकरदन तर जालन्यात येतं. यांनी औरंगाबाद लिहिलंय. दुरुस्त करू का?"

"लेबल कुठल्या सालचं आहे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग तेव्हा जालना जिल्हाच नव्हता, बाळ. तो एक्क्याऐंशीत झाला. लिहिणाऱ्यानं बरोबरच लिहिलंय."

"पण यादीत आजचेच जिल्हे आहेत. आणि औरंगाबाद तर यादीत नाहीच."

ही अडचण एका कागदापुरती नव्हती. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. नाईकांच्या १९७९ च्या ग्रंथाच्या शीर्षकात जो उस्मानाबाद जिल्हा आहे त्यात आजचे दोन जिल्हे मावतात. त्या आकाराचा आणि त्या नावाचा जिल्हा आता कुठल्याही सरकारी नकाशावर नाही. म्हणून कोणी ग्रंथाचे शीर्षक बदलत नाही. पण लेबलाची नोंद करताना बदलायला हात शिवशिवतात खरे.

आमच्या स्नेह्यांचे म्हणणे वेगळे होते आणि तेही खोडून काढण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, "उद्या कुणी जालना जिल्ह्यातली लव्हाळी शोधायला बसला, तर त्याला हा कागद सापडायला नको का? तुमच्या पाठनिष्ठेपायी तो लपून राहील." शास्त्राला वनस्पती हवी आहे, जिल्ह्याचा इतिहास नको, हा त्यांचा मुद्दा.

आम्हाला येथे आमचा जुना धंदा आठवला. पैठण या शहरापासून फार दूर नाही. तेथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला. जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून त्यात बरीच भेसळ झाली होती. नाथांनी ती निवडून काढली आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. मराठीवर हे थोर उपकार आहेत. पण त्या शुद्ध प्रतीचा मान इतका वाढला की तिच्या आधीचे पाठ कसे होते हा प्रश्न अवघड होऊन बसला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली आणि त्यावरून मोठा वाद माजला. नाथांच्या समोर कोणकोणते पाठ होते आणि त्यांनी कोणता का टाकला, याची टिपणे हाती असती, तर हा वाद पुष्कळ सोपा झाला असता. पुढे पाठचिकित्सेचे शास्त्र रुजले ते याच गरजेतून : संपादकाने आपला पाठ वर द्यावा आणि टाकलेले पाठ तळटीपेत जपावे. त्या शास्त्राचा आणखी एक दंडक आहे. दोन पाठांत अवघड वाटणारा पाठ बहुधा जुना असतो, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. म्हैसमाळच्या पठाराचे नाव लेबलांवर निरनिराळ्या स्पेलिंगांनी येते. ती सारी एकसारखी करणे हे नकलाकाराचे काम झाले. ती तशीच ठेवून शेजारी आजचे रूप देणे हे संपादकाचे.

चिठ्ठी आणि तळटीप या एकाच विचाराच्या दोन जाती आहेत, हे सांगायला आम्ही स्नेह्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते हसले. "अहो, याची सोय आधीच आहे," ते म्हणाले. जगभरच्या संग्रहांनी नोंदींसाठी मान्य केलेला 'डार्विन कोअर' नावाचा एक आराखडा आहे. २००९ मध्ये तो प्रमाण ठरला. त्यात स्थळासाठी एकाहून अधिक रकाने आहेत. त्यांतला एक केवळ लेबलावर जसे आहे तसे उतरवून घेण्यासाठी. आधी दिलेल्या शास्त्रीय नावांसाठीही वेगळा रकाना आहे. आमच्याकडच्या तक्त्यात ते दोन्ही रकाने जागा वाचवण्यासाठी गाळले होते, एवढेच. ते परत घालून घ्यायला आठवडे गेले, पण घातले गेले. त्यानंतर भोकरदनचा कागद जालन्याच्या शोधातही सापडू लागला आणि त्याच्या लेबलावरचे औरंगाबादही शाबूत राहिले.

या दोन रकान्यांची खरी परीक्षा झाली ती गोदाकाठच्या एका नमुन्याच्या वेळी. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले आणि नाथसागराच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. धरणापूर्वीच्या एका लेबलावर त्यांपैकी एका गावाचे नाव होते आणि पुढे दोनच शब्द : नदीकाठ, ओलसर. अशा नोंदीला अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. मुलीने जुन्या नकाशावरून ते काढून भरले आणि संगणकाने तांबडी खूण दाखवली : बिंदू पाण्यात पडतो, तपासून पाहा. जवळचा काठ निवडून बिंदू चार-पाच किलोमीटर सरकवला असता तर खूण गेली असती आणि नोंद आजच्या नकाशाला शोभून दिसली असती. तिने बिंदू हलवला नाही. अनिश्चिततेची त्रिज्या लिहिली, आणि शेऱ्यात लिहिले : गाव आता जलाशयात. ते गाव, तो काठ आणि त्या काठाचा ओलावा यांपैकी आज काही उरलेले नाही. तेथे एके दिवशी हे लव्हाळे उभे होते, याची साक्ष तो कागद देतो. महापुरात तगणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला खरा असला, तरी धरण म्हणजे ओसरणारा पूर नव्हे.

आता शहराविषयी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली; त्याच्या मुलाच्या नावावरून ती फत्तेनगर झाली; १६५३ नंतर औरंगाबाद; २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. दिल्ली दरवाजाजवळचा खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. नावांविषयी या शहरात घरोघरी मते आहेत, आमच्याही घरी आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. त्यांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की कपाटातील कागदांवर जे नाव ज्या काळी लिहिले गेले ते त्या काळचे म्हणून राहू द्यावे. १९७८ च्या लेबलावर आजचे नाव घालणे जितके गैर, तितकेच आज गोळा केलेल्या नमुन्याच्या लेबलावर सवयीने जुने नाव लिहिणेही गैर. शोधणाऱ्याची सोय करायला दुसरा रकाना आहे.

लव्हाळ्याच्या कपाटाचे काम आता पुरे झाले आहे. पुढचे कपाट गवतांचे. ते लव्हाळ्यापेक्षा कितीतरी मोठे आहे, हस्ताक्षरेही अधिक आहेत, आणि मराठवाड्यासारख्या माळरानाच्या मुलखात त्याचे मोल वेगळे सांगायला नको. जुनी मोडी, जुने दस्त किंवा नुसती वडिलांची पत्रे वाचण्याची ज्यांना सवय आहे अशांनी आपल्या गावच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाचे दार एकदा ठोठवावे, असे आम्ही सुचवतो. लागतात ते डोळे आणि सबुरी. मात्र जे लिहिले आहे तेच उतरवायचे, आणि आपले म्हणणे असेल तर शेजारी, तारीख घालून.